ईईजीचे जनक डॉ. हान्स बर्गर: मेंदूची वीज कागदावर उतरवणारा डॉक्टर

फिट येऊन गेलेल्या रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले की बहुतेक वेळा दोन तपासण्या लिहून येतात, एमआरआय आणि ईईजी. एमआरआयची लोकांना आता साधारण कल्पना असते. ईईजीचे नाव ऐकले की मात्र नातेवाईक विचारतात, यात डोक्याला शॉक देतात का. आणि एखादा तरुण रुग्ण, आईवडील बाहेर गेल्यावर, हळूच विचारतो की या तपासणीत मनातले विचार कळतात का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ईईजीच्या यंत्रातून डोक्यात काहीही सोडले जात नाही. मेंदूच्या पेशी काम करताना आपोआप जी क्षीण वीज तयार होते, ती डोक्याच्या त्वचेवर चिकटवलेल्या तारांमधून टिपली जाते आणि यंत्र ती कितीतरी पट मोठी करून दाखवते. दुखत नाही, सुई टोचत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र ज्यांनी ही तपासणी शोधली त्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण हा प्रश्न त्यांचाही होता. डॉ. हान्स बर्गर हे जर्मनीतील येना या विद्यापीठाच्या गावात चाळीस वर्षे एकाच रुग्णालयात काम करणारे डॉक्टर. त्यांच्या चरित्रात एक काळा भाग आहे. तो अनेक लेखांत गाळलेला असतो. इथे तो सांगितला आहे, कारण त्याचा संबंध थेट फिट येणाऱ्या रुग्णांशी आहे.

तोफेच्या चाकापुढे

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयसेस या गावी झाला. वडील डॉक्टर होते. आई अ‍ॅना ही फ्रीडरिश रूकर्ट या प्रसिद्ध कवीची मुलगी. हे रूकर्ट आजोबा संस्कृतसह अनेक पौर्वात्य भाषांचे जाणकार होते आणि आपल्या महाभारतातले नल-दमयंतीचे आख्यान त्यांनी जर्मन काव्यात नेले होते. नातवाचा ओढा मात्र आकाशाकडे होता. खगोलशास्त्रज्ञ व्हायचे म्हणून त्याने १८९२ मध्ये येना विद्यापीठात गणितासाठी नाव घातले. तिथे मन रमले नाही. एका सत्रानंतर शिक्षण थांबवून तो वर्षभराच्या लष्करी सेवेसाठी व्यूर्त्सबुर्गला गेला.

तिथे १८९३ मध्ये कवायतीच्या वेळी त्याचा घोडा अचानक उधळला आणि हान्स खाली पडला, तो नेमका घोडे जुंपलेल्या तोफेच्या वाटेत. चाक अंगावरून जाणार इतक्यात तोफ थांबली. जीव वाचला, इजाही फारशी झाली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी घरून वडिलांची तार आली. मुलगा ठीक आहे ना, अशी चौकशी होती. वडिलांनी अशी तार यापूर्वी कधी केली नव्हती. दूर कोबुर्गला असलेल्या थोरल्या बहिणीला त्या दिवशी एकाएकी वाटू लागले होते की हान्सवर काहीतरी संकट आले आहे, आणि तिनेच तार करण्याचा हट्ट धरला होता.

योगायोग, असे आपण म्हणू. मीही तसेच म्हणेन. बहिणीला भावाची काळजी वाटते असे दिवस वर्षातून अनेक येतात, आणि ज्या दिवशी काही घडत नाही तो दिवस कोणी लक्षात ठेवत नाही. पण वीस वर्षांच्या त्या मुलाने निष्कर्ष काढला की मरणाच्या भीतीने आपल्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडले आणि ते बहिणीपर्यंत पोहोचले. हे काहीतरी म्हणजे काय, याचा शोध घेण्यासाठी त्याने गणित सोडले आणि तो वैद्यकशास्त्राकडे वळला.

मेंदूचा डॉक्टर कसा घडला

बर्गर यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि १८९७ मध्ये ते येना विद्यापीठाच्या मनोविकार व मज्जाविकार रुग्णालयात सहायक म्हणून लागले. त्या काळी तिथे वेडसरपणा, नैराश्य, लकवा, फिट, मेंदूतली गाठ हे सगळे रुग्ण एकाच छपराखाली येत. प्रमुख होते ओटो बिन्सवँगर. उतारवयात रक्तदाबामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन जो विसराळूपणा येतो, त्यातल्या एका प्रकाराला आजही त्यांचेच नाव आहे. एमआरआयच्या रिपोर्टवर ते नाव कधी कधी वाचायला मिळते.

आपल्याकडे आज न्यूरॉलॉजिस्ट व्हायचे तर एमबीबीएस, मग तीन वर्षे एमडी, मग तीन वर्षे डीएम असा रस्ता आहे. त्यात ईईजी वाचायला शिकवतात, नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी शिकवतात. हिला क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी म्हणतात, म्हणजे मज्जासंस्थेच्या विजेवरून रोग ओळखण्याची विद्या. बर्गर शिकत होते तेव्हा या विद्येचा मेंदूविषयीचा भाग जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. त्यांनी विजेचे शिक्षण घेतलेले नव्हते. दिवसा ते वॉर्डात रुग्ण तपासत, विद्यार्थ्यांना शिकवत, आणि संध्याकाळी एका छोट्या खोलीत एकटेच प्रयोग करत. १९०१ मध्ये त्यांना विद्यापीठात शिकवण्याची पात्रता मिळाली, १९०६ मध्ये प्राध्यापकपद, १९१२ मध्ये वरिष्ठ डॉक्टरचे पद. बिन्सवँगर निवृत्त झाल्यावर १९१९ मध्ये ते रुग्णालयाचे प्रमुख झाले. मधल्या महायुद्धात त्यांनी पश्चिम आघाडीवर लष्करी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केले होते.

बाहेरून पाहिले तर हे अगदी सरळ रेषेतले करिअर. स्वभावाने बर्गर अबोल, शिस्तीचे, वेळेचे पक्के आणि थोडे धास्तावलेलेही. हाताखालच्या लोकांना त्यांचा धाक वाटे. संध्याकाळच्या त्या खोलीत साहेब काय करतात याची कल्पना रुग्णालयातल्या बहुतेकांना नव्हती.

ते काय करत होते? त्यांचा विचार साधारण असा होता. मेंदूला रक्तातून ऊर्जा मिळते. त्यातली काही उष्णतेत जाते, काही विजेत. जी उरते ती मनाची ऊर्जा असली पाहिजे. मग आधी मोजता येईल ते सगळे मोजू. म्हणून त्यांनी पहिली काही वर्षे मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास केला. ज्या रुग्णांच्या कवटीचा तुकडा अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने गेलेला असे, त्यांच्या त्या जागी मेंदूची धडधड हाताला लागते. भीती वाटली, गणित सोडवले, वेदना झाली की या धडधडीत काय फरक पडतो ते त्यांनी नोंदवले. मग मेंदूचे तापमान मोजले आणि त्यावर १९१० मध्ये पुस्तक लिहिले. दोन्हींतून मनाच्या ऊर्जेबद्दल ठोस असे काही हाती लागले नाही. विजेचे प्रयोगही त्यांनी या काळात कुत्र्यांवर करून पाहिले होते. तेही फसले.

आज या प्रयोगांकडे पाहताना एक गोष्ट खटकते. उघड्या मेंदूच्या रुग्णांवर केलेले यातले अनेक प्रयोग त्या रुग्णाच्या उपचारासाठी नव्हते. आजच्या नियमांत त्यांना परवानगी मिळाली नसती.

मेंदूत वीज असते हे बर्गर यांनी शोधले, असे काही ठिकाणी लिहिलेले असते, ते बरोबर नाही. लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर विजेचे चढउतार पाहिले होते. पुढे पोलंडच्या अ‍ॅडॉल्फ बेक यांनी आणि इतरांनीही प्राण्यांवर तेच दाखवले. बर्गर यांनी हे सगळे वाचलेले होते. माणसाच्या बाबतीत, आणि तेही कवटी शाबूत असताना, असे काही जमेल यावर मात्र कोणाचा विश्वास नव्हता.

६ जुलै १९२४

बर्गर यांनी हे करून दाखवले तेव्हा त्यांचे वय एक्कावन्न होते. संशोधनात या वयापर्यंत काही लागले नाही तर बहुतेक लोक नाद सोडतात.

मेंदूतल्या गाठीच्या संशयावरून एका सतरा वर्षांच्या मुलाच्या कवटीचा तुकडा काढण्यात आला होता. शस्त्रक्रिया येनाचे सर्जन निकोलाय गुलेके यांनी केली होती. अशा रुग्णांमध्ये कवटीच्या मोकळ्या जागेतून मेंदूला हलकी वीज देऊन काय होते ते बर्गर पाहत असत. या वेळी त्यांनी उलट केले. वीज देणाऱ्या तारा गॅल्व्हानोमीटरला जोडल्या, म्हणजे मेंदूकडून काही येते का ते पाहायला. गॅल्व्हानोमीटर हे अतिशय सूक्ष्म वीज मोजणारे यंत्र. हृदयाचा ईसीजी त्याच जातीच्या यंत्राने काढला जात होता. ६ जुलै १९२४ या दिवशी त्या यंत्रातली बारीक तार किंचित हलताना त्यांना दिसली.

किती किंचित, याचा अंदाज द्यायचा तर आपल्या टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्याच्या त्वचेवर मिळणारी मेंदूची वीज साधारण त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढी असते. रुग्णाने दात आवळले, पापणी मिटली, मान हलवली, घाम आला, शेजारून कोणी चालत गेले तरी यंत्राला त्याहून मोठा धक्का बसतो. त्या काळी ही वीज वाढवून देणारी चांगली साधने बर्गर यांच्याकडे नव्हती. फोटोच्या कागदाच्या सरकत्या पट्टीवर प्रकाशाच्या ठिपक्याने रेघ उमटवायची, पट्टी धुऊन वाळवायची, आणि मग भिंगातून त्यावरचे बारीक चढउतार मोजत बसायचे.

म्हणूनच त्यांना खात्री वाटेना. जे दिसते ते मेंदूचे की हृदयाच्या ठोक्यांचे? की रक्तवाहिन्यांच्या धडधडीचे, डोळ्यांच्या हालचालींचे, त्वचेचे? पाच वर्षे ते एकेक शंका काढत आणि खोडत राहिले. युद्धात कवटीला जखमा झालेले सैनिक, शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, निरोगी माणसे, स्वतः, अशा सगळ्यांच्या नोंदी घेतल्या. मुलगा क्लाउस हा तर हक्काचा. त्याच्या डोक्यावर कितीतरी वेळा तारा लावून झाल्या. दरम्यान सीमेन्स कंपनीचा अधिक संवेदनशील गॅल्व्हानोमीटर मिळाला आणि शाबूत कवटीवरूनही नोंद मिळू लागली. या सगळ्या काळात त्यांच्या डायरीत आनंदापेक्षा शंकाच जास्त दिसतात. आपण स्वतःची फसवणूक तर करत नाही ना, हा विचार त्यांना सोडत नव्हता.

माझ्या मते बर्गर यांचे खरे मोठेपण या पाच वर्षांत आहे. तार हलली त्याच आठवड्यात लेख लिहून मोकळे झाले असते तर कोणी गंभीरपणे घेतले नसते. ज्या कल्पनेपायी ते या वाटेला लागले होते ती कल्पना कच्ची होती. पण कागदावरच्या रेघेबाबत त्यांनी स्वतःला कसलीही सूट दिली नाही.

१९२९ मध्ये त्यांचा पहिला लेख जर्मन मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात आला. ईसीजीच्या धर्तीवर या नोंदीला त्यांनी एलेक्ट्रेनकेफालोग्राम असे नाव दिले. तेच आपले ईईजी. १९३८ पर्यंत याच मथळ्याखाली त्यांनी एकूण चौदा लेख लिहिले.

डोळे मिटा, डोळे उघडा

ईईजी करून आलेल्या कोणालाही विचारा, तंत्रज्ञ अधूनमधून डोळे मिटायला आणि उघडायला सांगतो. त्याचे कारण बर्गर यांच्या सुरुवातीच्या लेखांत आहे. माणूस जागा असून शांत, डोळे मिटून पडला असेल तर डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण दहा या वेगाने एकसारख्या लाटा येतात. डोळे उघडले की त्या विरतात. डोळे मिटलेले ठेवून मनातल्या मनात कठीण गणित करायला दिले तरी कमी होतात. या लाटांना बर्गर यांनी अल्फा म्हटले आणि त्याहून वेगवान, लहान लाटांना बीटा. आजच्या रिपोर्टच्या पहिल्या ओळींत अल्फा असा शब्द असतो तो तिथूनच आलेला. निरोगी प्रौढाच्या मेंदूची ही पार्श्वभूमी नीट आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द वाचून घाबरू नका.

जर्मनीत या शोधाकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. लाखो पेशींच्या गोंधळातून अशी एकसारखी, संथ लाट कशी निघेल, असे शरीरशास्त्रज्ञांना वाटे. त्यात हा माणूस मनोविकारतज्ज्ञ, विजेतला नवशिका. चित्र पालटले ते केंब्रिजमध्ये. एडगर एड्रियन यांना मज्जातंतूंवरील कामासाठी १९३२ चे नोबेल मिळाले होते. ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह त्यांनी चांगल्या यंत्रांवर बर्गर यांचे प्रयोग पुन्हा केले. एड्रियन स्वतःच्या डोक्याला तारा लावून बसले. डोळे मिटले की लाटा, उघडले की गायब. १९३४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि या लाटांना बर्गर यांचेच नाव दिले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने श्रेय पूर्णपणे येनाच्या डॉक्टरला देऊन टाकले. १९३७ मध्ये पॅरिसला मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दोघे एकाच व्यासपीठावर होते. बर्गर यांना नोबेल मात्र कधीच मिळाले नाही.

रुग्णांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम अमेरिकेत बोस्टनला झाले. फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवले की अ‍ॅब्सेन्स प्रकारच्या फिटमध्ये ईईजीवर सेकंदाला तीन या वेगाने टोकदार काटा आणि लाट अशी जोडी उमटते. ही फिट शाळकरी वयाच्या मुलांत दिसते. मूल खाली पडत नाही, हातपाय झटकत नाही. लिहिता लिहिता काही सेकंद एकटक बघत राहते आणि मग जणू काही झालेच नाही असे पुढे लिहू लागते. दिवसातून अशा कितीतरी वेळा. बाई म्हणतात लक्ष नसते, घरी ओरडा बसतो. या मुलाला तपासणीत तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावले की बहुतेक वेळा तोच झटका येतो आणि यंत्रावर ती जोडी स्पष्ट दिसते. योग्य औषध मिळाले की बहुतेक मुले उत्तम सुधारतात. ज्याला आळशी ठरवले होते, त्या मुलाला आजार आहे हे एका कागदाने सिद्ध केले.

लगेच दुसऱ्या वर्षी लंडनच्या ग्रे वॉल्टर यांनी मेंदूतल्या गाठीच्या आसपास दिसणाऱ्या संथ लाटा ओळखल्या आणि त्यांना डेल्टा म्हटले. सीटी स्कॅन यायला अजून साडेतीन दशके होती. त्या काळात गाठ कुठे असेल याचा अंदाज सर्जनला ईईजीवरून घ्यावा लागे.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण दवाखान्यात तिचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिटचा आजार नाही, असे नाही. ही तपासणी अर्ध्या तासाची, आणि मेंदू त्या अर्ध्या तासात शांत असू शकतो. ज्यांना खरोखर अपस्मार आहे त्यांच्यातही पहिल्या साध्या ईईजीत दोष दिसतो तो साधारण निम्म्या लोकांत. म्हणून तर झोपेतला ईईजी करतात, आदल्या रात्री जागरण करायला सांगतात, गरज पडली तर पुन्हा करतात. उलट, कधी फिट न आलेल्या थोड्या लोकांतही ईईजी किंचित वेगळा असू शकतो. त्यामुळे निदान ठरते ते मुख्यतः झटका कसा आला याच्या वर्णनावरून. घरातल्या कोणी मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ काढला असेल तर तो न्यूरॉलॉजिस्टला जरूर दाखवा. आणि तपासणीला जाताना केस धुऊन, तेल न लावता जा. सांगितल्याशिवाय फिटच्या गोळ्या बंद करू नका.

न्यायालयातले डॉक्टर

आता तो भाग. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि त्याच वर्षी जुलैत एक कायदा झाला. ज्यांना आनुवंशिक समजले जाणारे आजार आहेत त्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा हा कायदा होता. जानेवारी १९३४ पासून तो लागू झाला. आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, जन्मजात मतिमंदत्व होते, आनुवंशिक अंधत्व आणि बहिरेपण होते. आणि अपस्मार होता. डॉक्टरांनी अशा रुग्णांची नावे कळवायची, मग आनुवंशिक आरोग्य न्यायालय नावाच्या मंडळाने निर्णय द्यायचा. मंडळात एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. निर्णय मान्य नसेल तर वरच्या न्यायालयात अपील. नाझी राजवट संपेपर्यंत सुमारे चार लाख लोकांची नसबंदी या कायद्याखाली झाली.

येनाच्या वरच्या न्यायालयातल्या डॉक्टर सदस्यांपैकी एक हान्स बर्गर होते.

खूप वर्षे त्यांची गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगितली जात असे. नाझींना ते नकोसे झाले, त्यांना जबरदस्तीने निवृत्त केले, प्रयोगशाळा बंद पाडली, आणि त्या दुःखाने त्यांचा अंत झाला. जुनी कागदपत्रे तपासल्यावर हे चित्र टिकत नाही. ते नाझी पक्षाचे सभासद नव्हते, पण एसएस या संघटनेचे वर्गणी देणारे पाठीराखे होते. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले ते पासष्ट वर्षे पूर्ण झाल्यामुळे, नेहमीच्या नियमाने. आणि मार्च १९४१ मध्ये, मृत्यूच्या तीन महिने आधी, त्या न्यायालयाच्या कामासाठी पुन्हा विचारणा झाली तेव्हा त्यांनी तयारी दाखवली.

काळच तसा होता, सगळेच करत होते, असे म्हणून हे झाकता येईल. मला ते पटत नाही. ज्या माणसाने कागदावरची एक रेघ खरी आहे की नाही हे ठरवायला पाच वर्षे घेतली, त्याला एखाद्या तरुण बाईचा अपस्मार आनुवंशिक आहे आणि तिला मूल होऊ देऊ नये, हे मंडळात बसून ठरवताना तशी शंका आली नाही. अपस्माराची कारणे अनेक असतात. जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला ऑक्सिजन, डोक्याला मार, मेंदूज्वर, आपल्याकडे तर मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्या. बहुतेक रुग्णांच्या मुलांना हा आजार होत नाही. आनुवंशिकता काही प्रकारांत असते, पण तिथेही धोका वाढतो म्हणजे आजार होतोच, असे नव्हे.

निवृत्तीनंतर बर्गर यांना हृदयाचा त्रास सुरू झाला, मनही खचत गेले. तीव्र नैराश्याचा आजार त्यांना जडला. १ जून १९४१ रोजी येनामध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. ते अडुसष्ट वर्षांचे होते. ज्याने आयुष्यभर मनोविकारांचे रुग्ण पाहिले त्यालाही हा आजार सोडत नाही, कारण तो इच्छाशक्तीचा प्रश्न नसतो. हे वाचताना तुमच्या मनात किंवा घरातल्या कोणाच्या मनात तसे विचार येत असतील तर डॉक्टरांशी आजच बोला. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

मनातले कळते का

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९४० मध्ये, बर्गर यांनी मनाविषयी एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यात सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा तो घोडा, ती तोफ आणि बहिणीची तार आहे. एका मेंदूतले दुसऱ्या मेंदूला कसे कळत असेल याची आपली कल्पनाही त्यांनी मांडली. पण आपण शोधलेल्या विद्युत लाटा हे काम करत असतील असे त्यांना वाटत नव्हते. त्या इतक्या क्षीण आहेत की डोक्यापासून जरा दूर गेले की उरतच नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते?

म्हणून त्या तरुण रुग्णाला उत्तर असे आहे. ईईजीत तुम्ही जागे आहात की झोपलेले, डोळे उघडे की मिटलेले, मेंदूच्या एखाद्या भागात फिटची ठिणगी दिसते का, हे कळते. तुम्ही कोणाचा विचार करत आहात हे कळत नाही. बुद्धी किती आहे, स्वभाव कसा आहे, वेड लागणार का, हेही कळत नाही. लग्न जमवताना ईईजीचा रिपोर्ट मागणारी घरे मी पाहिली आहेत. त्या कागदात त्यांना हवी ती माहिती नसते.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर आपल्या कायद्याबद्दलही सांगतो. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिटचा आजार हा वैध लग्नाला अडथळा मानला जात असे. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. म्हणजे आज केवळ अपस्मार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. तरी मुलीच्या फिट लपवून लग्न लावायचे, मग सासरी कळू नये म्हणून तिने गोळ्या चोरून घ्यायच्या किंवा बंदच करायच्या, हे अजून चालते. गोळी चुकली की झटका येतो, आणि तो चुलीपाशी किंवा विहिरीवर आला तर जीवावर बेततो. लग्नाआधी समोरच्या घरी स्पष्ट सांगणे अवघड असते, पण आयुष्यभर लपवणे त्याहून अवघड.

अपस्मार असलेल्या स्त्रिया आई होतात, आणि बहुतेकींची मुले निरोगी असतात. त्यासाठी दिवस राहण्याच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टला भेटा. व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल तर ते गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून ते बदलायचे का हे डॉक्टर ठरवतील. फॉलिक अ‍ॅसिडही आधीपासून सुरू करायचे असते. दिवस राहिल्याचे उशिरा कळले तर घाबरून एकदम गोळ्या थांबवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.